रमीचा निकाल आणि गेममधली पेटी

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत मंजूर झाले. २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. तीन दिवसांत बंद केलेला हा धंदा उभा राहायला मात्र कित्येक दशके लागली होती, आणि तेवढ्या काळात खेळणाऱ्याचे वय काय, हे विचारायची गरज क्वचितच कुणाला वाटली.

आपला मुंबई इलाख्याचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७चा. त्याचा सगळा रोख अड्ड्यावर: जागा कुणाची, पत्ते-फासे कुठे सापडले, नाल, म्हणजे अड्डेवाल्याचा वाटा, कोण घेतो. केवळ कौशल्याच्या खेळांना मात्र त्यात सूट होती. पुढचे बहुतेक खटले अशाच सुटीभोवती फिरले. १९५७मध्ये बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा वाद मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला. मग सिकंदराबादच्या एका क्लबवरच्या धाडीचे प्रकरण आले आणि नोव्हेंबर १९६७मध्ये न्यायालयाने म्हटले, की कोणते पान पडले हे रमीत लक्षात ठेवावे लागते, पाने राखावी-टाकावी लागतात, म्हणून तो तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. क्लबात बसणाऱ्या प्रौढांबद्दलचा हा निकाल. पन्नास वर्षांनी रमीची ॲप त्याच्याच आधारावर घराघरांत शिरली.

याच काळात मुंबईत मटका फोफावला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून तो निघाला आणि १९६२पासून वरळीत स्थिरावला. पण आकडा लावायचा तर टपरीपर्यंत जावे लागे. शाळकरी पोरगा तिथे दिसला तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोहोचे. ही राखण कुठल्या कायद्याने केलेली नव्हती, आणि फोन आल्यावर ती गेली.

मुलांपर्यंत जुगार आला तो मात्र वेगळ्याच वाटेने, जपानमधून. तिथे नाणे टाकून हँडल फिरवले की बंद डबीतून कुठलेतरी खेळणे पडते, अशी यंत्रे जुनी आहेत. आपल्या किराणा दुकानातल्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्यांसारखेच ते: आठ आणे द्या, चिठ्ठी फाडा, नंबर लागला तर फुगा, नाहीतर गोळी. मोबाइल गेमवाल्यांनी ही युक्ती उचलली: पैसे द्या, बंद पेटी (लूट बॉक्स) उघडा, आत काय निघेल ते नशिबावर. एक संपूर्ण संच जमला तरच दुर्मीळ बक्षीस, असा त्यात प्रकार होता, आणि शेवटचा तुकडा मिळेपर्यंत मुले पैसे ओतत राहत. मे २०१२मध्ये जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने तो बेकायदा ठरवला. साधी पेटी मात्र राहिली आणि जगभर पसरली.

एप्रिल २०१८मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने ‘फिफा १८’, ‘ओव्हरवॉच’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांतल्या पेट्या सरळ जुगारात मोजल्या. कंपन्यांनी तिथली विक्री थांबवली. कागदावर प्रश्न मिटला. पण २०२२मध्ये एका अभ्यासकाने तिथले सर्वाधिक कमाईचे १०० आयफोन गेम तपासले, तेव्हा ८२मध्ये पेट्या सापडल्या. नेदरलँड्समध्ये तर वरिष्ठ न्यायालयाने मार्च २०२२मध्ये अशा पेटीबद्दल झालेला दंडच रद्द केला.

आपल्याकडे २०२१मध्ये ‘बीजीएमआय’ (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा बंदुकांच्या लढाईचा मोबाइल गेम आला, तेव्हा कंपनीने अठराखालच्यांसाठी बंधने जाहीर केली: दिवसाला तीन तास खेळ, आणि खर्चाची मर्यादा रोज सात हजार रुपये. रोज! कित्येक घरांत महिन्याचा किराणा त्यात बसतो.

नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना वाद निकालात काढला. पैसे लावून पैशाची किंवा अन्य लाभाची अपेक्षा असेल तर खेळ बाद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत. रमी आणि फँटसी क्रिकेटची ॲप त्यात सापडली. पेटीतून निघते ती खेळातल्या बंदुकीची रंगीत कातडी, म्हणजे ‘स्किन’; तिचे पैसे होत नाहीत, निदान अधिकृतपणे होत नाहीत. त्यामुळे ती या व्याख्येत बसते का, यावर वाद घालता येतो, आणि कंपन्यांचे वकील तो घालतीलच. ब्राझीलने सप्टेंबर २०२५मध्ये केलेल्या बालसंरक्षण कायद्यात मुलांच्या खेळांतल्या अशा पेट्यांवर नाव घेऊन बंदी घातली आहे.