बिनलेबलाची पुडी

मे महिना लागला की गावरान बियाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी पुड्यांचे फोटो येऊ लागतात. कुणाकडे काटेरी वांग्याचं बी जास्तीचं असतं, कुणाला लाल भेंडी हवी असते, कुणी डांगराच्या बिया पाकिटात घालून पोस्टाने पाठवतो म्हणतं. मग एखादा नवा सभासद विचारतो, "याला लायसन लागत नाही का?" निम्मे लोक 'बापजाद्यांच्या बियाण्याला कसलं आलंय लायसन' म्हणतात, उरलेले 'हा विषय इथे नको' म्हणून त्याला गप्प करतात. प्रश्न मात्र रास्त आहे आणि भारतीय कायद्यात त्याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. ते वाटणाऱ्याच्या बाजूचं आहे. पण कुठपर्यंत, हे कळायला थोडं वनस्पतिशास्त्रही लागतं.

सुरुवात १९६६ च्या बियाणे कायद्यापासून करावी लागते. त्याच वर्षी भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं होतं. बुटक्या, खताला दाद देणाऱ्या नव्या वाणांचा तो काळ. शेजारच्या बांधावरचं पीक डोळ्यांनी बघून बियाणं घेणारा शेतकरी आता ते अनोळखी दुकानातून घेणार होता. बियाण्याची अडचण अशी की मेलेला दाणा आणि जिवंत दाणा तळहातावर सारखेच दिसतात. फसवणूक कळते ती पेरणीनंतर आठवड्याने, आणि तोवर वाफसा निघून गेलेला असतो. म्हणून कायद्याने अधिसूचित, म्हणजे सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या, वाणांच्या बियाण्यासाठी किमान उगवणशक्ती आणि शुद्धता ठरवली आणि ती पिशवीवर छापणं सक्तीचं केलं. गव्हाला ८५ टक्के उगवण हवी, भाताला ८०, सोयाबीनला ७०.

सोयाबीनला ही सवलत का? कारण त्याचं टरफल पातळ असतं आणि कोंबाचा भाग त्या टरफलाच्या अगदी लगत असतो. मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले, हमालाने पोतं वरून आदळलं, थप्पी फार उंच रचली, की बाहेरून धडधाकट दिसणारा दाणा आतून गेलेला असतो. घरचं सोयाबीन तपासायची रीत कृषी खातं दर उन्हाळ्यात गावोगाव दाखवतं: ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवड्याभराने उलगडून चांगले कोंब मोजायचे. शंभरात सत्तर निघाले तर एकरी ३० किलो पेरायचं, कमी निघाले तर त्या मानाने बियाणं वाढवायचं. प्रयोगशाळेतही मूळ चाचणी हीच, फक्त दाणे जास्त आणि तापमान-ओलावा काटेकोर. म्हणजे लेबलावरचा तो आकडा कुणालाही घरी काढता येतो. पुडी वाटणाऱ्यांपैकी फार थोडे तो काढतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता कायद्याची भाषा बघू. कलम ७ नुसत्या विक्रीवर थांबत नाही. अधिसूचित बियाणं विकणं, विक्रीला ठेवणं, अदलाबदल करणं किंवा 'अन्य प्रकारे पुरवणं', यातला कुठलाही धंदा नियमांत येतो. अदलाबदल हा शब्द वाचून बीज बँकवाल्यांच्या पोटात गोळा येतो. पण त्याच कायद्यात पुढे कलम २४ आहे. एखाद्याने स्वतः पिकवलेलं बियाणं स्वतःच्याच जागेवरून थेट शेती करणाऱ्याला पेरणीसाठी विकलं किंवा दिलं, तर त्याला हा कायदा लागूच होत नाही. स्वतः पिकवलेलं, स्वतःच्या जागेवर, थेट: तीनही अटी महत्त्वाच्या. शिवाय एखाद्या वाडीतलं पिढीजात वाण सहसा अधिसूचित यादीत नसतंच, त्यामुळे कलम ७ चा संबंध बहुतेक वेळा येत नाही. धंदा म्हणून बियाणं विकायचं असेल तर मात्र १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावलेला असतो, तोच.

हे झालं दर्जाचं. मालकीचा प्रश्न वेगळा, आणि खरी गंमत तिथे आहे.

जागतिक व्यापार संघटनेत आल्यावर भारताला पीक वाणांना पेटंट किंवा त्याऐवजी दुसरं काहीतरी संरक्षण देणं भाग होतं. श्रीमंत देशांनी 'यूपोव्ह' नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा तयार साचा पुढे केला होता. त्याच्या १९९१ च्या आवृत्तीत शेतकऱ्याने संरक्षित वाणाचं बियाणं दुसऱ्याला देणं जवळपास बंद होतं. भारत त्यात गेला नाही, स्वतःचा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये केला. त्यातलं कलम ३९ म्हणतं की शेतकरी आपल्या शेतातलं उत्पन्न, त्यात बियाणंही आलं, साठवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो, विकू शकतो. ते वाण एखाद्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं असलं तरीही. मनाई एकाच गोष्टीची: 'ब्रँडेड' बियाणं विकण्याची. ब्रँडेड म्हणजे पिशवीत किंवा डब्यात भरून, वर ते संरक्षित वाणाचं असल्याचं लेबल लावलेलं. एका कायद्यात लेबल नसणं हा गुन्हा ठरू शकतो, दुसऱ्यात लेबल असणं. दोन्ही एकाच देशात सुखाने नांदतात, कारण पहिला दुकानदारासाठी आहे आणि दुसरा शेतकऱ्यासाठी.

या कलमाची परीक्षा झाली बटाट्यावर. एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिकोने गुजरातमधल्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले. आपल्या चिप्ससाठी राखलेला एफएल २०२७ हा बटाटा त्यांनी परवानगीशिवाय पिकवला, असा आरोप होता. साबरकांठ्यातल्या चौघांकडून प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली गेली. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यातच कंपनीने दावे मागे घेतले. पुढे या वाणाची नोंदणीच डिसेंबर २०२१ मध्ये रद्द झाली, जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी तो निर्णय कायम ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो फिरवून नोंदणी वाचवली. ही लढाई नोंदणीच्या अर्जावर झाली. शेतकऱ्याविरुद्धचे दावे निकालापर्यंत गेलेच नाहीत.

वाद बटाट्यावर व्हावा यात आश्चर्य नाही. बटाट्याचं बेणं म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, म्हणून नवीन झाड हुबेहूब जुन्यासारखं येतं. एक पोतं बेणं बाहेर गेलं की वाण कायमचं बाहेर गेलं. भात, गहू, सोयाबीनही बरेच विश्वासू: फूल उघडण्याच्या सुमारास परागीभवन त्याच फुलात उरकतं, म्हणून बीजोत्पादनात भाताच्या दोन वाणांत तीन मीटर अंतर पुरतं. मक्याचे पराग वाऱ्यावर जातात, तिथे प्रमाणित बियाण्यालाही २०० मीटर लागतात. भोपळा, दोडका, काकडी यांचं सगळं मधमाश्यांच्या हाती. त्यांच्या पुडीतल्या बीला आई कोण ते सांगता येतं, बापाचा पत्ता नसतो. आणि संकरित वाण पुन्हा पेरलं तर पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण विखरून शेत उंच-ठेंगणं दिसतं. कपाशीच्या संकरित बियाण्याला म्हणूनच कायद्याच्या कुलपाची गरज कमी. निसर्गानेच ते लावून ठेवलंय. जिथे बियाणं हुबेहूब स्वतःसारखं जन्म देतं, तिथेच मालकीवरून भांडण होतं.

याच हुबेहूबपणात गावरान वाणांची अडचण आहे. नोंदणीसाठी वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. पिढीजात वाण एकसारखं नसतंच, किंबहुना नसण्यातच त्याची ताकद. एखाद्या वर्षी पाऊस लवकर गेला तर त्यातली हळवी, म्हणजे लवकर पिकणारी, झाडं तरतात, उशिरा थांबला तर गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी. म्हणून शेतकऱ्यांच्या वाणांसाठी वेगळ्या दिसणाऱ्या झाडांची मर्यादा नियमांनीच दुप्पट ठेवली आहे. बारकावा लहान वाटतो, पण कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी शेत नीट पाहिलेलं होतं, हे त्यावरून कळतं.

आणि त्या वेगळ्या झाडातूनच नवं वाण निघतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ जातीच्या भातात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वाढवल्या, निवडत गेले. तो बारीक तांदूळ तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' म्हणून ओळखला गेला आणि बांधावरून बांधावर पोचला. तेव्हा शेतकऱ्याचं वाण त्याच्या नावावर नोंदवायची सोयच कायद्यात नव्हती. २०१८ मध्ये ते गेले, तोवर कायदा आला होता. पण वाण आधीच सगळ्यांचं होऊन बसलं होतं.

परवानगीचं कुंपण आणखी दोन ठिकाणी आहे. जनुकीय बदल केलेलं, मान्यता नसलेलं बियाणं कलम ३९ च्या आडोशाने वाटता येत नाही, तिथे पर्यावरण संरक्षण कायदा आडवा येतो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे लावली, ती हे ठाऊक असूनच. दुसरं कुंपण सीमेवरचं. परदेशातल्या नातेवाइकाने बॅगेतून बी आणलं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा जाच वाटतो खरा, पण विषाणू आणि बुरशी बियांतूनच देशोदेशी फिरतात, तेव्हा इथे माझी सहानुभूती कस्टमवाल्यांकडे आहे.

इतर देशांत हाच तिढा कसा पडतो ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्गच्या सार्वजनिक वाचनालयाने बियाणं 'उसनं' देणं सुरू केलं: पेरा, आणि हंगामानंतर थोडं परत आणा. २०१४ मध्ये राज्याच्या कृषी खात्याने त्यांना दुकानदारांचे नियम दाखवले, चाचण्यांसकट. नंतर राज्याने नमतं घेतलं, आणि नेब्रास्का, इलिनॉय, कॅलिफोर्निया यांनी कायद्यातच बिगरव्यापारी देवाणघेवाणीला सूट घातली. केनियात नोंदणी नसलेलं बियाणं विकलं वा वाटलं तर थेट तुरुंगाची तरतूद होती. पंधरा छोट्या शेतकऱ्यांनी त्याला आव्हान दिलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली. त्या मानाने आपला २००१ चा कायदा बराच पुढचा होता.

त्यात एक भोक मात्र आहे. हक्क 'शेतकऱ्याला' दिला आहे, आणि तोही 'त्याच्या' शेतातल्या उत्पन्नावर. गटाचं काय? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी उभारलेल्या बीज बँकेची रीत अशी की बियाणं न्यायचं ते दुप्पट परत देण्याच्या बोलीवर. त्यांना पद्मश्री मिळाली, 'बीजमाता' म्हणून राज्यभर नाव झालं. पण अशा बँकेत अनेकींच्या शेतातलं बियाणं एकत्र येतं आणि कुठल्यातरी तिसऱ्याच गावी पेरलं जातं. ना ते एकीने पिकवलेलं, ना तिच्या बांधावरून दिलेलं. बचत गटाने तेच बियाणं सुबक पुड्यांत भरून पुण्याच्या प्रदर्शनात मांडलं, तर ते वाटप की धंदा? गावरान वाण असेल तोवर कुणी विचारत नाही. पुडीत विद्यापीठाचं अधिसूचित वाण निघालं तर निरीक्षक विचारू शकतो.

केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. शेतकऱ्याने आपलं बियाणं राखावं, बदलावं, विकावं, फक्त ब्रँडनावाने विकू नये, हे त्यातही कायम आहे. हरकती घेणाऱ्यांचा एक मुद्दा हाच होता: बीज बँका, महिला गट, शेतकऱ्यांच्या संस्था यांची नावं सवलतीच्या त्या कलमात थेट यावीत. एका ओळीचं काम आहे, आणि ती ओळ कलम ३९ मध्येही घालता येईल.