पाठवलेला मेसेज बदलतो कोण?

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी लिहितात, ‘सभा शनिवारी ६ वाजता’. पाच मिनिटांनी चूक लक्षात येते. मग ते मेसेजवर बोट दाबून धरतात, ‘एडिट’ निवडतात आणि ‘शनिवारी’चं ‘रविवारी’ करतात. सगळ्यांच्या फोनवर वार बदलतो, खाली बारीक अक्षरांत ‘एडिटेड’ उमटतं. व्हॉट्सॲपने ही सोय मे २०२३ मध्ये दिली, १५ मिनिटांची मुदत घालून. तेव्हापासून एक समज सर्रास ऐकू येतो: आपला मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर पडलेला असतो, एडिट केलं की तिथली प्रत दुरुस्त होते आणि तीच सगळ्यांना दिसते. त्यातून लगेच पुढचा निष्कर्ष काढला जातो की, कंपनी आपले मेसेज वाचू शकते आणि हवे तसे बदलूही शकते.

टेलिग्रामच्या साध्या चॅटबद्दल कुणी हे म्हटलं तर ते बरंचसं बरोबर आहे. तिथे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि त्यांच्या किल्ल्याही कंपनीकडेच असतात. व्हॉट्सॲप, सिग्नल आणि ॲपलचं आयमेसेज यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. यालाच ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात. व्हॉट्सॲपवर एप्रिल २०१६ पासून सगळ्यांसाठी हीच व्यवस्था आहे. मधला सर्व्हर फक्त बंद मजकूर पोचवतो. पोचला की आपल्याकडून काढून टाकतो, नाही पोचला तर ३० दिवसांपर्यंत थांबतो. जे वाचताच येत नाही त्यातला ‘शनिवार’ तो शोधणार कुठे?

पण खरी गंमत कुलपापेक्षा किल्लीत आहे. प्रत्येक मेसेजला नवी किल्ली लागते, आणि ती वापरून झाली की नष्ट केली जाते. ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी रचलेल्या या पद्धतीला ‘डबल रॅचेट’ म्हणतात; रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारं दातेरी चक्र. सिग्नलसाठी ती तयार झाली, व्हॉट्सॲपनेही तीच घेतली. तिच्यात दोन चक्रं आहेत.

पहिलं चक्र सोपं आहे. दोघांच्या फोनमध्ये एकच गुप्त संख्या असते, तिला साखळीची किल्ली म्हणू. ती एका गणिती क्रियेत घालायची. ही क्रिया अशी की पुढे जाणं क्षणाचं काम, पण उत्तरावरून मूळ संख्या काढायचा व्यवहार्य मार्ग नाही. साखळीच्या किल्लीसोबत १ घातला की या मेसेजची किल्ली मिळते, २ घातला की साखळीची पुढची किल्ली. मग जुनी पुसून टाकायची. सहाव्या मेसेजची किल्ली कुणाच्या हाती लागली तरी पाचवा मेसेज बंदच राहतो, कारण मागे जाता येत नाही.

दुसरं चक्र मला जास्त आवडतं. त्याचा पाया व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली घातला. कागदावर करून पाहा. ३ आणि १७ या संख्या सगळ्या जगाला माहीत आहेत. मी मनात ३ धरतो: ३ चा तिसरा घात २७, १७ ने भागून बाकी १०. हा १० मी उघडपणे तुम्हाला पाठवतो. तुम्ही मनात ५ धरता: ३ चा पाचवा घात २४३, बाकी ५. तो ५ तुम्ही मला पाठवता. आता मी तुमच्या ५ चा तिसरा घात करतो: १२५, बाकी ६. तुम्ही माझ्या १० चा पाचवा घात करता: १,००,०००, बाकी ६. दोघांकडे ६ आला, आणि तो एकदाही तारेवरून गेला नाही! चोरून ऐकणाऱ्याला ३, १७, १० आणि ५ एवढंच कळलं. इतक्या लहान संख्या असतील तर तो आमची गुपितं चाचपडून शोधेल. प्रत्यक्षात साध्या घातांऐवजी ‘कर्व्ह२५५१९’ नावाच्या वक्रावरच्या बिंदूंचं गणित वापरतात. तिथे गुपित संख्या एवढी मोठी असते की आजच्या संगणकांना एकेक करून तपासणं अशक्य आहे.

संभाषणात बोलण्याची पाळी बदलली की फोन मनात नवी संख्या धरतो, हे गणित पुन्हा होतं आणि त्यातून आलेली नवी संख्या साखळीत मिसळली जाते. म्हणून आज कुणी फोनमधल्या किल्ल्या चोरल्या आणि नंतर त्याचा शिरकाव थांबला, तर दोन्ही बाजूंनी एकेक उत्तर गेल्यावर पुढचं संभाषण आपोआप सुरक्षित होतं. ग्रुपसाठी व्हॉट्सॲपची रचना थोडी निराळी आहे. तिथे प्रत्येक सदस्याची स्वतःची साखळी असते आणि कुणी ग्रुप सोडला की सगळ्या साखळ्या नव्याने सुरू होतात.

आता सेक्रेटरींच्या मेसेजकडे येऊ. त्याची किल्ली नष्ट झालेली आहे. वाटेत कुणी त्यातला एक बिट जरी बदलला, तरी सोबतची गणिती मोहोर जुळणार नाही आणि फोन तो नाकारेल. मग एडिट होतं कसं? एक नवा मेसेज जातो, नव्या किल्लीने बंद केलेला. पत्र पेटीत टाकल्यावर मागोमाग दुसरं धाडून ‘आधीचं फाडा, हे ठेवा’ असं कळवावं, तसा. सिग्नलमध्ये जुना मेसेज ओळखायला पाठवणाऱ्याचं खातं आणि पाठवल्याची मिलिसेकंदापर्यंतची वेळ वापरतात. सूचना मिळाली की घेणारं ॲप जुन्याच्या जागी नवा मजकूर दाखवतं.

ॲपलने सप्टेंबर २०२२ मध्ये आयओएस १६ सोबत आयमेसेजमध्ये एडिट आणलं तेव्हा हे उघड दिसलं. ज्यांच्या फोनवर जुनी आवृत्ती होती, त्यांना पहिला मेसेज तसाच दिसायचा आणि त्याखाली ‘याचं बदलून असं केलं’ अशा अर्थाचा वेगळा मेसेज यायचा.

‘सगळ्यांसाठी डिलीट’सुद्धा अशीच विनंती आहे. ती पाळायची की नाही हे समोरच्या फोनवर अवलंबून. अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन हिस्टरी’ आहे. ती चालू असेल तर मेसेज डिलीट झाला तरी त्याची आलेली सूचना २४ तास तिथे वाचता येते. ज्याने डिलीट केलं त्याला याचा पत्ताही लागत नाही.

‘लास्ट सीन’, प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा वगैरे नियम मात्र सर्व्हर पाळतो, म्हणून ते समोरच्याच्या मर्जीवर नसतात. पण एन्क्रिप्शन मजकुरावर आहे. कोण कुणाशी कधी बोललं, ही नोंद त्याच्या बाहेर राहते. क्लाउडवरच्या बॅकअपचंही तेच. तो एंड-टू-एंड बंद करण्याची सोय व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली, पण ती स्वतः चालू करावी लागते. आजच चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा.

याउलट, ‘तीन टिक आल्या तर सरकारने मेसेज वाचला, लाल टिक आली तर कारवाई’ हा फॉरवर्ड दर दीड-दोन वर्षांनी शिकलेल्या माणसांच्या ग्रुपवर फिरतो. अशा टिक व्हॉट्सॲपमध्ये नाहीत. दोन निळ्या टिक म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनने पाठवलेली पोच, बस्स. हे पुढे ढकलणारे भीती पसरवतात आणि बॅकअपसारखी खरी फट मात्र उघडीच राहते.

एका बाबतीत व्हॉट्सॲपवर माझा आक्षेप आहे. सिग्नल २४ तासांपर्यंत एडिट करू देतं, पण आधीचा मजकूर संभाषणातल्या सगळ्यांना पाहता येतो. आयमेसेजमध्येही ‘एडिटेड’वर बोट ठेवलं की आधीचे मजकूर उघडतात. व्हॉट्सॲप मात्र फक्त खूण दाखवतं, काय बदललं ते दाखवत नाही आणि एडिटची नवी सूचनाही येत नाही. ज्याने शनिवार वाचून फोन खिशात ठेवला, तो शनिवारीच सभेला जाणार, आणि वार मागाहून बदलला हे त्याला सिद्ध करता येणार नाही. जुना मजकूर त्याच्या फोनवर आलेलाच होता. तो ‘एडिटेड’ या शब्दामागे जपून ठेवायला एन्क्रिप्शन कुठेही आड येत नाही, आणि व्हॉट्सॲपने ही सुधारणा करायला हवी.