लाइन जाते म्हणून सेलवाला टूथब्रश घेताय?

वणी तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हल्ली मोबाइलसोबत लोक इलेक्ट्रिक टूथब्रशही घेऊन येतात. कोणाच्या मुलानं पुण्याहून पाठवलेला असतो, कोणी आठवडी बाजारातून उचललेला असतो. आणि दर दुसरा माणूस तेच वाक्य बोलतो: "आपल्या इथं लाइन राह्यते का? म्हून सेलवालाच बरा."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले. वाक्य तसं शहाणपणाचं वाटतं, पण हिशेब नेमका उलटा आहे.

सेलवाला ब्रश कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. खाली झाकण, आत दोन पेन्सिल सेल, बटण दाबलं की घुर्र. टॉर्च वापरलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. चार्जिंगवाल्याच्या आत मात्र सीलबंद बॅटरी असते. तो स्टँडवर उभा करून किंवा मोबाइलसारखी केबल लावून चार्ज करायचा. इथेच लोकांच्या डोळ्यांपुढे मोबाइल येतो. मोबाइलला रोज चार्जिंग लागतं, म्हणजे ब्रशलाही लागणार, आणि सकाळी सहाला लाइन नसली की तोंड कशानं धुवायचं?

जरा बोटांवर मोजून पाहा. सकाळी दोन मिनिटं, रात्री दोन मिनिटं, म्हणजे दिवसाला ब्रश चार मिनिटं चालतो. दोन आठवड्यांची बेरीज छप्पन्न मिनिटं. डब्यावर "एका चार्जिंगमध्ये दोन आठवडे" लिहिलेलं असतं त्यात जादू काही नाही, तासाभराचंच काम आहे. पंधरा दिवसांत एक रात्र लाइन मिळाली की झालं. शेतीपंपाचा फिडर रात्रीचा असो की दिवसाचा, गावठाणात एवढी लाइन मिळतेच. काही स्टँडवाल्या ब्रशांना पूर्ण चार्ज व्हायला बारा-सोळा तास लागतात, तेही सलग लागत नाहीत. मधे दोन तास लाइन गेली तर चार्जिंग तिथंच थांबतं आणि लाइन आली की पुढं सुरू होतं. केबलवाला असेल तर मोटरसायकलवरच्या मोबाइल चार्जरलाही लावता येतो.

लाइनचा मुद्दा इथं संपला. खरी गोची वेगळीच आहे आणि ती कोणी विचारत नाही: ताकद संपत आली की दोघं काय करतात?

आमच्या गल्लीतले तात्या मागच्या महिन्यात त्यांचा सेलवाला ब्रश घेऊन आले. जवाईबापूनं पाठवलेला चार्जिंगचा ब्रश त्यांनी कपाटात ठेवून दिला होता आणि हा बाजारातून आणला होता. तक्रार ब्रशची नव्हतीच. हिरड्यांतून रक्त येतं, पेस्ट बदलू का, असं विचारत होते. मी सेल काढले आणि मीटर लावला. एक 1.14 व्होल्ट, दुसरा 1.09. नवीन अल्कलाइन सेल दीडच्या थोडा वरच दाखवतो, म्हणजे जोडीचे तीनच्या वर हवेत. इथे सव्वादोनसुद्धा भरत नव्हते.

"तात्या, हा ब्रश कधीपासून असा चालते?"

"असा म्हणजे कसा? चांगला चालते ना बाबू. आवाज येते की."

सगळी मेख या आवाजात आहे. अशा स्वस्त ब्रशातली साधी मोटर मिळेल त्या व्होल्टेजवर फिरते. व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्यानं उतरलं की वेगही साधारण तेवढाच उतरतो. सेल मात्र एका दिवसात उतरत नाही, रोज थोडा थोडा उतरतो. काल आणि आज यांतला फरक हाताला कळत नाही, कानालाही कळत नाही. कूलरचा पंखा वर्षभर धूळ खाऊन हळू झालेला आपल्याला कुठं कळतो? तसंच. महिनाभर माणूस अर्ध्या ताकदीच्या ब्रशवर भरवसा ठेवून बसतो. हाताचा ब्रश असता तर निदान हात तरी चालवला असता.

त्यात बाजारातले पाच-दहा रुपयांचे साधे सेल टाकले तर आणखी वाईट. ते रिमोटसाठी आणि घड्याळासाठी ठीक, कारण तिथं करंट नावापुरता लागतो. मोटरला एकदम जास्त करंट लागतो आणि हे सेल तिथं लवकर बसतात. कित्येक घरांत तर टीव्हीच्या रिमोटमधले "अजून चालू आहेत" असे सेल काढून ब्रशात टाकतात. करायचं असतं याच्या उलट: ब्रशातून उतरलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात टाका, तिथं तो अजून काही महिने काढतो.

चार्जिंगवाल्याची बॅटरी अशी उतरत जात नाही. लिथियम असो की जुनी निकेलची, बराच काळ व्होल्टेज जवळपास एका पातळीवर राहतं आणि अगदी शेवटी एकदम खाली येतं. म्हणून ब्रश पहिल्या दिवशी जसा चालतो तसाच दहाव्या दिवशी चालतो, मग लाल दिवा लुकलुकतो आणि एक दिवस तो ठप्प होतो. लोकांना ठप्प होणं खटकतं. मला तेच आवडतं. बंद पडलेला ब्रश निदान सांगतो तरी की मी बंद पडलोय.

पैशांचं म्हणाल तर अल्कलाइन जोडी पन्नास रुपयांची धरा आणि महिना-दीड महिन्याला बदला. वर्षाला चारशे ते सहाशे रुपये नुसते सेलचे झाले. दीड-दोन हजारांच्या आतला साधा चार्जिंगवाला काही वर्षांत हिशेबाला बरोबर येतो. हो, त्याची बॅटरी बदलता येत नाही. ती म्हातारी झाली की अख्खा ब्रश जातो, आणि असे ब्रश मी उघडूनही देत नाही, कारण एकदा उघडला की पाणी शिरतं. हा त्याचा खरा दोष आहे.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. गोल छोटं डोकं की लांबट "सोनिक", यावर लोक उगाच भांडतात. 2014 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या संस्थेनं 56 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा इलेक्ट्रिक ब्रशानं दातांवरचा चिकट थर तीन महिन्यांनंतर हाताच्या ब्रशापेक्षा 21 टक्के कमी राहतो असं निघालं. त्यातला मोठा पुरावा गोल फिरणाऱ्या डोक्याचा होता. म्हणून मी गोलाच्या बाजूचा. आणखी एक कारण आमच्याकडचं आहे: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. सुपारीनं ज्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत छोटं गोल डोकं तरी जातं. (तोंड उघडत नसेल तर आधी दवाखाना गाठा, ब्रश नंतर.)

"सोनिक" या शब्दाची मला ॲलर्जी झाली आहे. खरा सोनिक मिनिटाला एकतीस हजारांच्या आसपास हेलकावे मारतो. बाजारातल्या तीनशेच्या सेलवाल्यावरही सोनिकच छापलेलं असतं, आणि आत मोबाइलच्या व्हायब्रेटरसारखी एका बाजूला वजन लावलेली मोटर निघते. ती मूठ थरथरवते, दात तुम्हालाच घासावे लागतात. पाच मोड, व्हाइटनिंग मोड, ब्लूटूथ यांच्यावर एक रुपयाही घालू नका. केळापूर-झरीकडच्या फ्लोराइडच्या पाण्यानं दातांवर आलेले तपकिरी डाग तर कुठल्याच मोडनं जात नाहीत, ते दाताच्या आतच बसलेले असतात.

घेताना तीन गोष्टी पाहा. दोन मिनिटांचा टायमर आहे का. त्याच कंपनीची सुटी डोकी तुमच्या पिनकोडवर मिळतात का, कारण डोकं तीन महिन्यांनी बदलावं लागतं आणि डोकं मिळत नसेल तर ब्रशाची शोभाच उरते. आणि स्टँडच्या खाली 100-240 व्होल्ट लिहिलंय का. संध्याकाळी टिल्लू पंप सुरू झाले की आमच्याकडचं व्होल्टेज कुठं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना टिनाच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावू नका, रात्री लावा.

सेलवाला अगदीच टाकाऊ नाही. पंढरीची वारी, सोंगणीच्या वेळी शेतावरचा मुक्काम, पोराला सवय लावायची, अशा वेळी तो चालतो. तेवढ्यापुरता घ्या, अल्कलाइन सेल टाका आणि सेल बदलल्याची तारीख पेननं झाकणावर लिहून ठेवा.

तात्यांच्या हिरड्या मी दाताच्या डॉक्टरकडे पाठवल्या आणि जवाईबापूचा ब्रश कपाटातून बाहेर काढायला लावला. ब्रश दातावर नुसता टेकवायचा, घासायचा नाही, हे त्यांना दोनदा करून दाखवलं. त्या उतरलेल्या सेलांपैकी एक त्यांच्या छपरीतल्या घड्याळात आहे. ब्रश मात्र ते अजूनही रोज रात्री न चुकता स्टँडवर ठेवतात. पंधरा दिवस चालतो, रोज ठेवायची गरज नाही, असं मी सांगून पाहिलं.

"तू म्हणतं ते खरं असन बाबू," ते म्हणाले, "पण लाइन कवा जाईन, काय भरोसा?"