दिशादर्शक दिवे, मोटारसायकलींवरील

दिशादर्शक दिवे, मोटारसायकलींवरील : दुचाकी कोणत्या बाजूला वळणार हे पुढच्या-मागच्या वाहनांना कळवणारे लुकलुकते नारिंगी-पिवळे दिवे. रोजच्या बोलण्यात इंडिकेटर, काही ठिकाणी साइड लाइट. दोन पुढचे व दोन मागचे दिवे, हँडलच्या डाव्या मुठीजवळची कळ, मीटरमधला सूचक दिवा आणि उघडझाप घडवणारा फ्लॅशर मिळून ही यंत्रणा पुरी होते.

उगम : या दिव्याचे श्रेय कोणाचे, यावर एकमत नाही. लोकप्रिय लेखनात मूकपटांची अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स हिचे नाव येते. तिने साधारण १९१४च्या सुमारास मोटारीच्या मागे वर होणारी इशारादर्शक पाटी योजली, असे सांगितले जाते. मात्र या कल्पनेचे एकस्व (पेटंट) तिने घेतले नव्हते. त्याआधी १९०७ मध्ये पर्सी डग्लस-हॅमिल्टन यांनी हाताच्या पंजाच्या आकाराच्या, आतून उजळणाऱ्या दर्शकासाठी अमेरिकेत एकस्वाचा अर्ज केला होता व ते १९०९ मध्ये मिळाले. कागदोपत्री पुरावा पाहता दुसरा दावा अधिक भक्कम ठरतो. अर्थात दोन्ही साधने चारचाकीची आणि दोन्ही न लुकलुकणारी. लुकलुकणारा दिवा ब्यूइक मोटारींबरोबर १९३९ पासून रुळला.

मोटारसायकलीवर तो उशिरा आला. डायनॅमोची क्षमता बेताची, त्यात चार बल्बांचा वाढीव भार. जर्मन गाड्यांच्या मुठींच्या टोकांना बसवलेले, पुढून-मागून एकाच वेळी दिसणारे ‘बैलाचे डोळे’ हे सुरुवातीचे एक रूप. १९५८च्या होंडा सुपर कबवर (जपानी आवृत्तीत) कळ उजव्या मुठीवर होती. डावा हात सामानासाठी मोकळा राहावा हा हेतू. पुढे बहुतेक कारखान्यांनी कळ डावीकडे नेली. बीएमडब्ल्यूच्या के-मालिकेने व हार्ली-डेव्हिडसनने डावी कळ डाव्या अंगठ्याखाली आणि उजवी उजव्याखाली अशी वेगळी वाट धरली.

हाताचा इशारा आणि दिवा : भारतातील १९८९च्या रस्ता नियमावलीत (ती २०१७ पर्यंत लागू होती) सांगितलेले हाताचे इशारे उजव्या हाताने करायचे होते. उजवीकडे वळताना हात आडवा बाहेर, डावीकडे वळताना तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. उजव्या बाजूला बसून खिडकीबाहेर हात काढणाऱ्या मोटारचालकाला हे सोयीचे. दुचाकीवर मात्र उजव्याच मुठीत ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. हात उचलला की ॲक्सिलरेटर सुटतो, इंजिन गाडीला मागे ओढते, आणि नेमके वळणाच्या तोंडावर हँडल एकाच हातात राहते. दुचाकीला दिव्याची गरज चारचाकीपेक्षा जास्त आहे ती यामुळे.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार दिशादर्शक दिवा अंबर (नारिंगी-पिवळ्या) रंगाचा, विजेवर चालणारा आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा हवा. तो पुढून व मागून स्पष्ट दिसला पाहिजे. दिवे कुठे बसवायचे याचा तपशील एआयएस-००९ या वाहन उद्योगाच्या मानकात असून पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था अशा मानकांनुसार वाहनांची चाचणी करते. मानकाचा दुचाकीविषयक भाग बव्हंशी संयुक्त राष्ट्रांच्या ५३ क्रमांकाच्या नियमावलीच्या धर्तीवर आहे.

त्या नियमावलीनुसार पुढच्या दोन दिव्यांच्या उजळणाऱ्या पृष्ठभागांमध्ये किमान २४० मिमी व मागच्या दोहोंमध्ये किमान १८० मिमी अंतर लागते. हे माप आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतचे. अमेरिकेतील १०८ क्रमांकाचे मानक दिव्यांच्या मध्यरेषांमधले अंतर मोजते : पुढे १६ इंच, मागे ९ इंच. दोन्ही आकडे शेजारी मांडून तुलना करणारे मोजण्याच्या पद्धतीतला हा फरक सहसा विसरतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत जमिनीपासूनची उंची ३५० ते १,२०० मिमी. दिवा बाहेरच्या बाजूला ८० अंशांपर्यंत व आतल्या बाजूला २० अंशांपर्यंत दिसावा लागतो. अमेरिकेत मागचे दिवे लालही चालतात, भारतात नाही. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८६ पूर्वी रस्त्यावर आलेल्या मोटारसायकलींना हे दिवे सक्तीचे नाहीत.

पुढच्या दिव्याचे हेडलाइटपासूनचे अंतर आणि त्याची तीव्रता एकमेकांशी बांधलेली आहेत. ७५ मिमी अंतर असेल तर ९० कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) पुरतात. ४० मिमीला १७५, २० मिमीला २५० आणि त्याहून जवळ असल्यास ४०० कँडेला लागतात. हेडलाइटच्या झोतात शेजारचा मंद दिवा हरवतो, म्हणून हे कोष्टक. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, तेव्हा हा प्रश्न आता दिवसाही उरतो. हौशी बदलांमध्ये फसगत होते ती इथेच : बोटाएवढा ‘मिनी’ इंडिकेटर हेडलाइटच्या काठाला चिकटवला जातो आणि वर काचेला काळपट झाक दिली जाते. मागचे मडगार्ड कापून नंबरप्लेटच्या आखूड पट्टीवर दिवे बसवले की १८० मिमीचे अंतरही जाते.

अशा बदलास मोटार वाहन कायद्याचे, वाहनातील बदलांवर बंधन घालणारे कलम ५२ लागू होते का, यावर दोन मते आढळतात. एक म्हणजे मूळ रचनेपासून कोणतीही फारकत हा बदलच. दुसरे, मानकात बसणारा सुटा भाग ही केवळ दुरुस्ती. दुसरे मत व्यवहाराला धरून आहे, पण दिवा मानकात बसत असेल तरच ते टिकते. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

बल्ब व फ्लॅशर : बऱ्याच भारतीय गाड्यांत १२ व्होल्ट, १० वॉटचे बल्ब असतात. पारदर्शक काच असेल तर बल्बच अंबर हवा. २१ वॉटच्या अंबर बल्बाच्या बुडाचे दोन खिळे समोरासमोर न ठेवता १५० अंशांवर ठेवतात, ते चुकून पांढरा बल्ब बसू नये म्हणून. खिळा कानसून पांढरा बल्ब बसवणारेही भेटतात.

एका बाजूचे दोन बल्ब मिळून सुमारे १.७ अँपिअर प्रवाह ओढतात. एलईडींची जोडी पाव अँपिअरच्या आसपास. जुना फ्लॅशर या प्रवाहावरच चालत असल्यामुळे एलईडी लावताच दिवा एकतर लुकलुकत नाही किंवा दुप्पट वेगाने धावतो. बल्ब गेल्यावर वेग बदलण्याची मुभा आहे, पण चांगल्या एलईडीला ती लागू होत नाही. तिथे १२० ही मर्यादा कायम. उपाय दोन. समांतर रोधक (रेझिस्टर) जोडणे (१० वॉटच्या बल्बाऐवजी सुमारे १५ ओहम, २१ वॉटसाठी ६.८ ओहम) किंवा भाराशी संबंध नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. रोधक हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि वाचवलेली वीज पुन्हा उष्णतेत घालवतो. तो लावायचाच तर सांगाड्याच्या धातूवर, प्लॅस्टिक व तारांपासून दूर. फ्लॅशर बदलणे बरे. त्याच्या तीन पिनांपैकी ‘बी’ला बॅटरीकडून येणारी तार, ‘एल’ला कळीकडे जाणारी तार आणि ‘ई’ला अर्थ (सांगाड्याला जोडलेली परतीची तार). मूळ फ्लॅशर दोन पिनांचा असेल तर अर्थची तार नव्याने सांगाड्यापर्यंत ओढावी लागते.

एवढे करूनही चारही दिवे एकदम लुकलुकू लागले तर दोष बहुधा मीटरमधल्या सूचक दिव्याच्या जोडणीत असतो. एकच सूचक दिवा असलेल्या गाडीत त्याचे एक टोक डाव्या तारेला व दुसरे उजव्या तारेला जोडलेले असते. डावी बाजू चालू असताना प्रवाह सूचक दिव्यातून उजव्या बल्बांच्या थंड तारांमार्गे अर्थला जातो. एवढ्याशा प्रवाहाने ते बल्ब पेटत नाहीत. एलईडी मात्र तेवढ्यावर उजळतात. फ्लॅशरवर संशय घेऊन तो पुन्हा पुन्हा बदलला जातो. लागतात फक्त दोन १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग). एकाचे बिनपट्टीचे टोक डाव्या तारेला, दुसऱ्याचे उजव्या तारेला. रुपेरी पट्टीची दोन्ही टोके एकत्र करून सूचक दिव्याच्या एका टोकाला, आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला. होंडाच्या वायरिंगमध्ये डावी तार नारिंगी, उजवी फिकट निळी व अर्थ हिरवी.

धातूच्या दांडीच्या दिव्यांना अर्थ अनेकदा दांडीतूनच मिळतो. दिवे बसवलेल्या पट्टीला नवा रंग दिला की तो तुटतो : दिवा मंद लागतो, त्याच्या तालावर मागचा लाल दिवाही मिणमिणतो. नटाखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घातल्यास किंवा वेगळी तार ओढल्यास दोष जातो.

दिवा विझवणे : मोटारीत स्टिअरिंग सरळ झाले की दिवा आपोआप विझतो. दुचाकी वळते ती मुख्यतः कलून, हँडल फारसे फिरत नाही. म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. यामाहाने १९७०-८०च्या दशकांत १० सेकंद किंवा १५० मीटर, यांपैकी जे नंतर पुरे होईल तेव्हा दिवा विझवणारी यंत्रणा दिली. सर्वसाधारण गाड्यांवर कळ मधोमध दाबावी लागते, आणि ते राहून जाऊ नये म्हणून अनेक जण फ्लॅशरला समांतर बझर जोडून घेतात.