पाळी (शब्द)

पाळी हे स्त्रीलिंगी नाम आहे, अनेकवचन पाळ्या. एखाद्याचा क्रम, कामाची ठरलेली वेळ, बाईचा मासिक ऋतुस्राव, ओढवलेली वाईट वेळ, शेतातली कुळवणी आणि कानाचे खालचे मऊ टोक, एवढे सगळे या दोन अक्षरांत मावते. संस्कृतातल्या 'पालि' शब्दाचे अर्थ कड, ओळ आणि कानाचे टोक असे आहेत. 'पाळीव' जनावरातली पाळी मात्र 'पाळणे' या क्रियापदाची. तिचे हिच्याशी नाते लावू नये.

ओळ म्हटली की क्रम आला. 'आळीपाळीने' या जोडशब्दात तर आळी म्हणजेही ओळच. चाळीतल्या सामायिक नळावर कळशा ओळीने मांडून ठेवायच्या आणि आपली पाळी आली की भरायची, हा त्याचा अगदी घरगुती वापर. गावाकडे हाच अर्थ पाटाच्या पाण्याला लागतो: पिकाला पाण्याच्या इतक्या पाळ्या दिल्या. कुळवाच्याही पाळ्याच घालतात.

'पाळी येणे' याला एक कडू छटा आहे. उपाशी राहण्याची, घर विकण्याची, हात पसरण्याची पाळी येते. सुखाची पाळी आली असे कोणी म्हणत नाही.

मुंबईत या शब्दाला वजन दिले ते कापड गिरण्यांनी. ताडदेवला 1854 साली कावसजी दावरांनी स्थापलेल्या कंपनीची गिरणी 1856 मध्ये चालू झाली, आणि पुढची कित्येक वर्षे कामगाराचा दिवस उजाडल्यापासून अंधारेपर्यंत होता. विजेचे दिवे आल्यावर तो रात्रीतही ओढला गेला. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा घातली, 1934 मध्ये ती 10 तासांवर आली, 1948 च्या कारखाना कायद्याने 9 तासांवर. माणसाचे तास कापले तरी यंत्र थांबवणे मालकाला परवडणारे नव्हते. मग एक संच बाहेर पडताच दुसरा आत घेणे आले. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रातपाळी हे शब्द लालबाग-परळमध्ये घड्याळाच्या काट्यांसारखे वापरले जात. भोंगा झाला की घरात बसलेल्यालाही कळे, कोणाची पाळी सुटली.

खोलीही पाळीनेच वापरली जाई. कोकणातून किंवा घाटावरून आलेले गावकरी एका खोलीत भाडे वाटून राहत; दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर अंग टाकी. खाणावळवालीला डबे कोणाचे कोणत्या पाळीचे हे तोंडपाठ असावे लागे. 'बदली' कामगार दारावर उभा राही तो कोणाचा खाडा पडतो का हे बघत, म्हणजे दुसऱ्याची पाळी आपल्याला मिळावी म्हणून. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्या बंदच पडल्या आणि या अर्थाचा आवाज बसला. रुग्णालयांत, बेस्टच्या आगारांत रातपाळी अजून आहे; कॉल सेंटरमध्ये तिची नाइट शिफ्ट झाली.

गिरणीच्या दारात मोठ्याने ओरडला जाणारा हाच शब्द माजघरात मात्र कुजबुजीत बोलला जाई. 'पाळी चुकली' हे कामगार म्हणाला तर रोज बुडाला. त्याच्या बायकोने म्हटले तर दिवस गेल्याची शंका. 'पाळी जाणे' म्हणजे ऋतुनिवृत्ती. खरे तर हा शब्द मूळचा आडवळणाचाच, नुसता 'क्रम' सांगणारा. पण तोही उघडा वाटू लागला, म्हणून 'बाहेर बसली', 'कावळा शिवला', 'अडचण आहे' अशी पांघरुणे त्यावर चढली. शाळेच्या पुस्तकात 'मासिक पाळी' असे विशेषण लावून तो सभ्य करून घेतात. मुंबईच्या मुली सरळ 'पिरियड्स' म्हणतात. त्याचा एक उलटा परिणाम असा, की खेळातही 'आता माझी पाळी' म्हणायला त्या कचरतात. 'माझा टर्न' किंवा 'माझा चान्स' म्हणून मोकळ्या होतात. एका अर्थाच्या संकोचाने शेजारचा निरुपद्रवी अर्थही घालवला, हे थोडे वाईटच झाले.

शिफ्ट, टर्न, पिरियड्स असे तिन्ही बाजूंनी इंग्रजी आत आले, पण कानाच्या पाळीला अजून कोणी हात लावलेला नाही. कुडी पाळीत, बुगडी वरच्या कडेला. जड दागिन्याने ओघळलेली पाळी सोनाराला दाखवतात. आणि गवई आपल्या गुरूचे नाव घेताना चटकन कानाची पाळी पकडतो.