त्वचेचा ओलावा आणि लिपिड

त्वचा कोरडी पडली की लगेच "पाणी कमी पितोयस" असं ऐकवलं जातं, पण बऱ्याचदा कमी पडलेली असते ती चरबी, म्हणजे लिपिड. त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड, आणि त्यात मेलेल्या चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. पीटर इलायस या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी याला विटांच्या भिंतीची उपमा दिली, पेशी म्हणजे विटा आणि मधला माल म्हणजे लिपिड. पाणी अडवायचं मुख्य काम हा मालच करतो.

या मालात वजनाने साधारण निम्मे सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मोकळी फॅटी ॲसिड असतात. कोलेस्टेरॉल म्हटलं की आपण दचकतो, पण इथे ते हवंच! तिन्ही मिळून पापुद्र्यासारखे एकावर एक थर करतात आणि आतलं पाणी सहज उडून जात नाही. उंदरांच्या त्वचेवरचे लिपिड ॲसिटोनने काढून केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की यातलं एकच लिपिड लावलं तर दुरुस्ती उलट रेंगाळते, तिन्ही प्रमाणात लावली तर नीट होते, म्हणून क्रीमवर नुसतं सेरामाइड लिहिलंय एवढ्यावर भाळू नये.

अजून एक गोंधळ म्हणजे चेहऱ्यावर येणारं तेल. ते सीबम, तैलग्रंथींतून येणारं, आणि हे लिपिड वेगळे, ते या थराच्या खालच्या जिवंत पेशी स्वतःच बनवून बाहेर सोडतात. तळहात-तळपायाला तैलग्रंथी नसतातच. चेहरा तेलकट असूनही साबणाने ओढल्यासारखा होतो तो यामुळेच, कारण साबण लिपिड धुवून नेतो, शिवाय त्वचेचा पीएच ५ च्या आसपास, साबणाचा ९-१०, आणि सेरामाइड तयार करणाऱ्या एन्झाइमना आम्लपणाच लागतो.

आहारातलं लिनोलेइक ॲसिड, म्हणजे तेलांत असणारं एक फॅटी ॲसिड, तेही यात लागतं. १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या संशोधक दांपत्याने उंदरांना फॅट अजिबात न देता वाढवलं तर त्यांच्या कातडीला खवले आले. आपल्या करडईच्या आणि तिळाच्या तेलात हे ॲसिड भरपूर असतं, ऑलिव्ह तेलात त्यापेक्षा ओलेइक हे दुसरं फॅटी ॲसिड जास्त आणि ते त्वचेवर लावलं तर हा थर विस्कटू शकतो, त्यामुळे बाळाच्या मालिशीला महागडं ऑलिव्ह तेल घ्यायलाच हवं असं अजिबात नाही.

थोडाफार बिघडलेला थर तरुण माणसात साधारण तीन दिवसांत भरून येतो, म्हातारपणी मात्र वेळ लागतो, आणि थंडीत आजी-आजोबांच्या नडग्या खाजतात त्याचं एक मोठं कारण हेच.