'मी इथली नाहीच'

पहिल्या सेमिस्टरला गणित राहिलं. ज्याच्या घरात आधीच दोन इंजिनिअर आहेत तो म्हणतो, 'एटीकेटी लागली, पुढच्या वेळी काढू.' घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली मुलगी तोच निकाल बघते आणि तिच्या मनात येतं, 'मी इथली नाहीच.' मार्क तेच, पण लागलेला अर्थ निराळा.

ही शंका एकदा मनात बसली की सगळ्याच गोष्टी तिचा पुरावा वाटू लागतात. मेसमध्ये शेजारी कुणी बसलं नाही, सरांनी नाव चुकीचं घेतलं, इंग्रजीत बोलताना जीभ अडखळली. मग मुलगी मागच्या बाकावर सरकते, अडलेलं विचारत नाही. ओळखी होत नाहीत आणि शंका खरी ठरत जाते.

ही साखळी तोडता येते का, हे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत तपासलं. त्यांचा शोधनिबंध २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. पहिल्या वर्षाच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी सीनिअर मुलांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं होतं, पुढे जमलं. मग या पहिल्या वर्षाच्या मुलांनी स्वतःचा अनुभव लिहायचा आणि नव्या मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर वाचायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. पुढच्या तीन वर्षांत त्यांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले, गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर निम्म्यावर आलं. तब्येतही बरी राहिल्याचं त्यांनी सांगितलं.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०२३ सालचा पुढचा अभ्यास. २२ संस्था, २६,९११ विद्यार्थी. तोच दिलासा सगळीकडे दिला, पण तो लागू पडला तिथेच, जिथे त्या मुलांना खरोखर आपलंसं होण्याची संधी होती. नुसत्या गोड शब्दांवर कुणी रुजत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्देश दिले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. हे व्हायलाच हवं होतं. पण जी मुलगी वर्गात हात वर करत नाही, ती समुपदेशकाचं दार आपणहून कसं ठोठावेल? तिच्यापर्यंत आधी पोहोचू शकतात ते हॉस्टेलमधले सीनिअर. पहिल्या महिन्यातच त्यांनी ज्युनिअरसोबत जेवायला बसून आपल्या राहिलेल्या विषयाची गोष्ट सांगावी. शिक्षकांनीही सांगावी.

नैराश्यावर मात्र हा उपचार नव्हे. उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टर गाठायलाच हवा. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, लगेच जवळच्या माणसाला सांगा. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. मराठीतही बोलता येतं, रात्री दोन वाजताही.